हैलेमरियम देसालेन: पाण्याच्या अभियंत्याचे पंतप्रधानपद

प्रश्न असा आला आहे की, इथिओपियाचे माजी पंतप्रधान हैलेमरियम देसालेन हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता आणि पेशाने अभियांत्रिकीचे अध्यापक होते, तर देश चालवताना त्यांना त्या विद्येचा खरोखर काही उपयोग झाला का. आणि झाला असेल, तर साडेपाच वर्षांतच त्यांच्यावर राजीनामा देण्याची वेळ का आली? त्यांच्या कारकिर्दीत नाईलवरच्या मोठ्या धरणाचे काम चालू होते, त्याचे श्रेय त्यांना कितपत द्यावे, असाही एक उपप्रश्न आहे. विचारणारे स्वतः अभियांत्रिकीचे विद्यार्थी असून त्यांना पुढे प्रशासनात जायचे आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे. माझी सारी नोकरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या क्षेत्रात गेली, आणि हैलेमरियम यांचेही मूळ क्षेत्र नेमके हेच. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीकडे मी राजकीय अभ्यासकापेक्षा त्याच विद्येतला माणूस म्हणून अधिक पाहत आलो आहे.

थोडक्यात सांगायचे तर त्यांच्या अभियांत्रिकीचा उपयोग झाला, पण सगळे ज्या धरणाकडे बोट दाखवतात तिथे तो सर्वांत कमी दिसतो. तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो ते पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी, देशाच्या दक्षिणेतल्या खेड्यांत बांधल्या गेलेल्या साध्या खड्ड्याच्या शौचालयांत. आणि त्यांची सत्ता जिथे अडखळली, ती जागा तंत्राची नसून लोकांच्या जमिनीची आणि संमतीची होती.

हैलेमरियम यांचा जन्म 19 जुलै 1965 रोजी दक्षिण इथिओपियातील वोलायता भागात, बोलोसो सोरे येथे झाला. इथिओपियात आडनावाची पद्धत नाही आणि नावापुढे वडिलांचे नाव लागते, म्हणून त्यांचा उल्लेख ‘देसालेन’ असा न करता ‘हैलेमरियम’ असाच करणे योग्य. 1988 मध्ये त्यांनी अदिस अबाबा विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि लगेच अरबा मिंच येथील जल तंत्रज्ञान संस्थेत साहाय्यक अध्यापक म्हणून ते रुजू झाले. ही संस्था तेव्हा अगदी नवी होती. 1986 मध्ये ती केवळ पाण्याशी संबंधित अभियंते घडवण्यासाठी स्थापन झाली होती. तिथून शिष्यवृत्ती मिळवून ते फिनलंडमधील तांपेरे तंत्रज्ञान विद्यापीठात गेले आणि पाणी व स्वच्छता या विषयात पदव्युत्तर पदवी घेऊन परतले. पुढे ते त्याच संस्थेचे अधिष्ठाता झाले. अध्यापन आणि प्रशासन मिळून त्यांची सुमारे तेरा वर्षे तिथे गेली, आणि याच संस्थेचे 2004 मध्ये अरबा मिंच विद्यापीठात रूपांतर झाले.

या तपशिलावर मी थांबतो, कारण ‘अभियंता’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या स्वभावाची माणसे वावरतात. धरणाचा अभियंता एका जागी, एका यंत्रणेच्या हाताखाली, एक अजस्र वस्तू उभी करतो. ती उभी राहिली की त्याचे काम बहुतांशी संपते. पाणीपुरवठा आणि स्वच्छतेच्या अभियंत्याचे काम हजारो लहान जागी विखुरलेले असते आणि ते बांधकाम संपल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होते. हातपंप बसवणे सोपे असते. पण त्याचा वॉशर झिजल्यावर तो बदलणारे कोणी गावात नसेल तर सहा महिन्यांत तो पंप म्हणजे लोखंडाचा खांब उरतो. शौचालय बांधले आणि घरच्यांनी वापरले नाही, तर खर्च झाला पण काम झालेच नाही. म्हणून या शाखेत शिकणाऱ्याला लवकरच कळते की आराखड्याचा निम्मा भाग माणसांच्या सवयींनी बनलेला असतो. फिनलंडच्या मदतीने इथिओपियात चाललेल्या ग्रामीण पाणी योजनांचा भरही गावाने स्वतः योजना सांभाळण्यावरच राहिला आहे. हैलेमरियम यांची घडण या परंपरेतली आहे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय त्यांचे पुढचे यश आणि अपयश नीट उलगडत नाही.

राजकारणात ते उशिरा आले. 1991 मध्ये मेंगिस्तूची लष्करी राजवट उलथवून सत्तेवर आलेली ईपीआरडीएफ ही चार पक्षांची आघाडी होती आणि तिचा कणा म्हणजे तिग्राय प्रांतातून सतरा वर्षे सशस्त्र लढा दिलेला टीपीएलएफ हा पक्ष. हैलेमरियम त्या लढ्यात नव्हते. त्या काळात ते वर्गात शिकवत होते. नव्या राजवटीने देशाची रचना भाषिक-वांशिक प्रांतांत केली, परंतु दक्षिणेत छप्पन्न मान्यताप्राप्त जनसमूह असल्यामुळे त्या सर्वांचा मिळून एकच प्रांत केला गेला. या प्रांतात आखणी करणाऱ्यांचा हात किती सहज चुकू शकतो याचे एक उदाहरण हैलेमरियम यांच्या घरच्याच भागातले आहे. वोलायता, गामो, गोफा आणि दावरो या जवळच्या भाषा मिसळून एक संयुक्त भाषा तयार करण्यात आली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्या भाषेतली पाठ्यपुस्तके शाळांत पाठवली गेली. छपाईचा खर्च वाचेल आणि शिक्षक कोणत्याही शाळेत नेमता येतील, हा हिशेब कागदावर बिनतोड होता. सोडो शहरात त्यावरून उग्र आंदोलन झाले, पुस्तके मागे घ्यावी लागली आणि 2000 मध्ये वोलायताला स्वतंत्र विभाग द्यावा लागला.

एरिट्रियाशी झालेल्या युद्धानंतर 2001 मध्ये टीपीएलएफमध्ये फूट पडली, तिच्या धक्क्यात दक्षिण प्रांताचे तत्कालीन अध्यक्ष अबाते किशो पदच्युत झाले आणि त्यांच्या जागी हैलेमरियम आले. 2006 पर्यंत ते दक्षिण प्रांताचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या परिभाषेत मुख्यमंत्री होते. सुमारे दीड कोटी लोकवस्तीचा तो प्रांत होता.

याच काळात, 2003 पासून, प्रांताच्या आरोग्य विभागाने शौचालयांची मोहीम हाती घेतली. तिचे नेतृत्व आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. शिफेराव तेक्लेमरियम यांच्याकडे होते आणि श्रेयाचा मोठा वाटा त्यांचाच आहे. परंतु मलनिस्सारणात पदव्युत्तर पदवी घेतलेला माणूस प्रांताच्या सर्वोच्च पदावर असताना ही मोहीम प्रशासनाची पहिल्या क्रमांकाची बाब ठरली, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. मोहीम सुरू झाली तेव्हा प्रांतातल्या जेमतेम 13 टक्के कुटुंबांकडे शौचालय होते. वर्षभरात निम्म्या कुटुंबांकडे शौचालय झाले आणि दोन वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक कुटुंबांकडे. या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही हा वेग अविश्वसनीय वाटेल, आणि त्याहून विलक्षण म्हणजे त्यासाठी कुटुंबांना अनुदान दिले गेले नाही.

अनुदान न देणे हीच त्या योजनेची कळ होती. सिमेंटची फरशी आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या प्रमाणित नमुन्याचा आग्रह धरला असता तर सरकारकडे तेवढा पैसा कधीच आला नसता आणि पैसा येईपर्यंत गावे वाट पाहत बसली असती. त्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने आपल्याच परसात खड्डा खणावा, आजूबाजूला मिळणारे लाकूड, बांबू आणि माती वापरावी, असे ठरले. प्रांतापासून विभाग, तालुका आणि गावपातळीपर्यंत प्रत्येक प्रशासकाने लेखी बांधिलकी घ्यायची, गावागावांत चढाओढ लावायची, आणि घरोघर जाऊन स्त्रियांशी बोलायचे, अशी रचना होती. उघड्यावर जाण्याचा सर्वाधिक त्रास स्त्रियांनाच होत असल्यामुळे त्या पुढाकार घेतील, हा अंदाज खरा ठरला. त्याच सुमारास देशभर आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू झाला, ज्यात प्रत्येक गावगटासाठी दहावी झालेल्या दोन स्थानिक मुलींना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन सरकारी वेतनावर नेमले गेले, आणि पुढच्या काळात या मोहिमेचा भार त्यांनीच वाहिला. महाराष्ट्रात त्याच वर्षांत संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालू होते आणि गावाची चढाओढ अनुदानापेक्षा कशी प्रभावी ठरते हे आम्ही इथे पाहत होतो, म्हणून तिथल्या अहवालांनी आमच्यापैकी अनेकांचे लक्ष वेधून घेतले होते.

या मोहिमेत उणिवा होत्या. अनेक खड्डे उथळ होते, झाकणे नव्हती, हात धुण्याची सवय शौचालयांच्या मानाने फारच हळू रुजली, आणि प्रशासकीय दबावाचा वापरही झाला. तरीही पुढे ही पद्धत देशभर गेली, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त आकडेवारीनुसार इथिओपियात उघड्यावर शौचास जाणाऱ्यांचे प्रमाण 1990 मधील 92 टक्क्यांवरून 2015 मध्ये 29 टक्क्यांवर आले. त्या पंचवीस वर्षांत जगातील कोणत्याही देशाने याहून मोठी घट साधली नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले पिण्याच्या पाण्याचे सहस्रक उद्दिष्टही इथिओपियाने गाठले. हैलेमरियम तेव्हा पंतप्रधान होते, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील अभियंत्याची खरी सही इथे आहे.

त्याच प्रांतात त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात घडलेली दुसरी घटनाही सांगितलीच पाहिजे. प्रांताची राजधानी असलेल्या हवासा शहराचा प्रशासकीय दर्जा बदलण्याच्या प्रस्तावाविरुद्ध सिदामा समाजाचे लोक 24 मे 2002 रोजी शहराबाहेर लोके येथे जमले असता सुरक्षा दलांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि त्यात अनेक जण मारले गेले. शहर कोणाचे, त्याचा महसूल कोणाकडे आणि त्याच्या भोवतालच्या जमिनीवर निर्णय कोणाचा, हा तो वाद होता. सिदामांनी तो सोडला नाही. नोव्हेंबर 2019 मधील सार्वमतात त्यांनी प्रचंड बहुमताने स्वतंत्र प्रांत मिळवला आणि 2023 मध्ये तो जुना दक्षिण प्रांतच संपुष्टात आला. शौचालयाच्या मोहिमेत जे प्रशासन लोकांच्या परसात जाऊन त्यांची समजूत घालत होते, तेच प्रशासन जमीन आणि सत्तेच्या प्रश्नावर लोकांशी बोलू शकले नाही. चौदा वर्षांनी हेच चित्र राष्ट्रीय पातळीवर पुन्हा दिसणार होते.

2006 नंतर टीपीएलएफचे नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी त्यांना अदिस अबाबात सल्लागार म्हणून बोलावले, मग ते संसदेत सरकारी पक्षाचे प्रतोद झाले आणि 2010 मध्ये उपपंतप्रधान व परराष्ट्रमंत्री. 20 ऑगस्ट 2012 रोजी मेलेस यांचे ब्रसेल्समध्ये निधन झाले आणि 21 सप्टेंबर 2012 रोजी वयाच्या 47 व्या वर्षी हैलेमरियम पंतप्रधान झाले. उत्तरेच्या डोंगराळ प्रदेशातून आलेल्या राज्यकर्त्यांच्या आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेच्या त्या देशात दक्षिणेतल्या एका लहान समाजाचा प्रॉटेस्टंट माणूस शासनप्रमुख होणे ही मोठीच गोष्ट होती. 2013 मध्ये आफ्रिकी संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पण पद मिळणे आणि सत्ता मिळणे यांत अंतर होते. ईपीआरडीएफच्या परिषदेत चारही पक्षांना प्रत्येकी 45 मते होती, मग त्या पक्षामागची लोकसंख्या साठ लाख असो वा तीन कोटी. सैन्य आणि गुप्तचर यंत्रणेच्या शिखरावर टीपीएलएफच्या लढ्यातली जुनी माणसे होती आणि ती मेलेस यांचा शब्द मानत असत तो त्यांच्या पदापेक्षा त्यांच्या लढ्यातल्या अधिकारामुळे. हैलेमरियम यांच्याकडे तो अधिकार नव्हता. नोव्हेंबर 2012 मध्ये त्यांनी दोन जादा उपपंतप्रधान नेमले, तेव्हा आघाडीतल्या चारही पक्षांच्या वाट्याला शिखरावर एकेक माणूस आला आणि सरकार सामुदायिक नेतृत्वाने चालणार हे स्पष्ट झाले. आराखडा मेलेस यांचा, कळा इतरांच्या हाती, आणि जबाबदारी मात्र पंतप्रधानाची, अशी ती स्थिती होती.

आता धरणाविषयी. निळ्या नाईलवर, सुदानच्या सीमेजवळ, गुबा येथे ‘ग्रँड इथिओपियन रिनेसान्स’ धरणाची पायाभरणी मेलेस यांनी 2 एप्रिल 2011 रोजी केली. जलाशयाची क्षमता 74 अब्ज घनमीटर. आपल्या परिचित मापात हे सुमारे 2,600 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात, म्हणजे 105 टीएमसीच्या कोयनेसारखी जवळपास पंचवीस धरणे एकत्र. निळ्या नाईलचा त्या ठिकाणचा सरासरी वार्षिक प्रवाह सुमारे 49 अब्ज घनमीटर आहे, म्हणजे नदी पूर्ण अडवली तरी जलाशय भरायला दीड वर्ष लागेल. आणि नदी पूर्ण अडवता येत नाही, कारण खाली सुदान आणि इजिप्त आहेत. 1959 च्या करारात त्या दोघांनी नाईलचे पाणी अनुक्रमे 18.5 आणि 55.5 अब्ज घनमीटर असे आपसांत वाटून घेतले. नाईलच्या एकूण पाण्यापैकी सुमारे 85 टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून येते, तरी त्या करारात इथिओपियाचे नावही नाही. आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांनी हात आखडता घेतल्यामुळे धरणाचा पैसा मुख्यतः देशातल्या रोख्यांतून आणि सरकारी नोकरांच्या पगारातून उभा केला गेला. ज्या शिक्षकाने आपला महिन्याचा पगार त्यात घातला, त्याच्यासाठी ते धरण केवळ वीजप्रकल्प उरले नाही.

28 मे 2013 रोजी नदीचा प्रवाह वळवण्यात आला, तेव्हा एक दुर्मीळ योग जुळून आला होता. इथिओपियाचे पंतप्रधान पाण्याचे अभियंता होते आणि इजिप्तचे पंतप्रधान हिशाम कंदीलही पाण्याचेच अभियंता होते. कंदील कैरो विद्यापीठाचे पदवीधर. अमेरिकेत सिंचन या विषयात त्यांनी डॉक्टरेट केली होती, आफ्रिकी विकास बँकेत जलक्षेत्रात काम केले होते आणि पंतप्रधान होण्याआधी ते आपल्या देशाचे जलसंपदा मंत्री होते. बाष्पीभवन, पूरक्षमता, भरणकालावधी या शब्दांचा अर्थ दोघांनाही कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही तो उन्हाळा या वादातला सर्वांत तप्त ठरला. 3 जून रोजी कैरोत अध्यक्ष मोर्सी यांनी बोलावलेल्या बैठकीत काही राजकारणी धरणाचा घातपात करण्याच्या गोष्टी बोलले आणि ते सर्व दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित झाले, हे त्यांना ठाऊकच नव्हते. 13 जून रोजी इथिओपियाच्या संसदेने नाईल खोऱ्याच्या नव्या सहकार्य कराराला एकमुखाने मान्यता दिली, जो इजिप्तला अमान्य होता. पुढच्याच महिन्यात इजिप्तमधले सरकार कोसळले. ज्यांना असे वाटते की दोन्ही बाजूंना तज्ज्ञ बसवले की पाण्याचे तंटे सुटतात, त्यांनी 2013 चे हे दोन महिने अवश्य अभ्यासावेत. वाद जलविज्ञानाचा नव्हताच. नदीवर पहिला हक्क कोणाचा, हा होता.

हैलेमरियम यांचे या बाबतीतले खरे काम त्यानंतरचे आहे आणि ते शांतपणे केलेले आहे. जून 2014 मध्ये मलाबो येथील आफ्रिकी संघाच्या परिषदेच्या वेळी ते इजिप्तचे नवे अध्यक्ष सिसी यांना भेटले आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. 23 मार्च 2015 रोजी खार्तुममध्ये हैलेमरियम, सिसी आणि सुदानचे अध्यक्ष बशीर यांनी दहा तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. समन्यायी व वाजवी वापर, दुसऱ्याला लक्षणीय हानी न पोहोचवणे, धरणाची सुरक्षितता, माहितीची देवाणघेवाण ही त्यातली सूत्रे. इजिप्तने धरणाचे अस्तित्व लेखी मान्य केले, ही इथिओपियाची मोठी कमाई होती, आणि 1959 च्या आकड्यांचा त्यात उल्लेख नव्हता, ही त्याहून मोठी. मात्र पाचव्या तत्त्वात पहिल्या भरणाचे आणि वार्षिक परिचालनाचे नियम तिघांनी मिळून ठरवावेत असे म्हटले असले, तरी ते न ठरल्यास काय, यावर मजकूर मोघम राहिला. परिणामांचा अभ्यास करण्यासाठी बीआरएल आणि आर्टेलिया या फ्रेंच सल्लागार कंपन्या नेमल्या गेल्या, पण तुलनेसाठी पायाभूत स्थिती कोणती धरायची, त्यात 1959 चे वाटप गृहीत धरायचे की नाही, यावरच 2017 च्या अखेरीस गाडी अडली. जागतिक बँकेने तांत्रिक निवाडा करावा हा इजिप्तचा प्रस्ताव हैलेमरियम यांनी जानेवारी 2018 मध्ये नाकारला. पायाभूत स्थिती ठरवण्यातच निकाल दडलेला असतो हे त्यांना अभियंता म्हणून नेमके कळत होते, आणि मला त्यांची ती भूमिका समजू शकते.

इतर मोठ्या कामांबद्दल थोडक्यात सांगतो. ओमो नदीवरचे 243 मीटर उंचीचे आणि 1,870 मेगावॉटचे गिबे-3 धरण डिसेंबर 2016 मध्ये कार्यान्वित झाले. त्यामुळे नदीच्या पुरावर शेती करणाऱ्या खालच्या समाजांचे आणि केनियातील तुर्काना सरोवराचे काय होणार, या आक्षेपांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. अदिस अबाबात 2015 मध्ये हलकी शहरी रेल्वे धावू लागली आणि ऑक्टोबर 2016 मध्ये जिबुती बंदरापर्यंतच्या सुमारे 750 किलोमीटरच्या विद्युत रेल्वेचे उद्घाटन झाले. दोन्हींसाठी चीनच्या एक्झिम बँकेचे कर्ज होते. शहरी रेल्वेच्या अनेक गाड्या पुढे सुट्या भागांअभावी उभ्या राहिल्या, आणि देखभालीचा विचार कर्जाच्या करारातच करायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. याहून गंभीर बाब होती सैन्याच्या अखत्यारीतील मेटेक या महामंडळाची. साखर कारखाने आणि नाईलच्या धरणाची विद्युत-यांत्रिक कामे त्याच्याकडे होती, ती रखडत गेली, आणि धरणाचे कंत्राट त्याच्याकडून काढून घेण्याचा निर्णय झाला तो ऑगस्ट 2018 मध्ये, हैलेमरियम गेल्यानंतर. कंत्राटदार मुदत पाळत नाही हे जाणण्यासाठी अभियंता असण्याची गरज नसते. पण कंत्राटदार सैन्यच असेल तर ते जाणूनही पंतप्रधानाला काही करता येत नव्हते.

राजीनाम्याचे मूळ मात्र या कामांत नाही. ते अदिस अबाबाच्या विकास आराखड्यात आहे. राजधानी चारही बाजूंनी ओरोमो समाजाच्या ओरोमिया प्रांताने वेढलेली आहे आणि शहर फुगत चालले होते. शहर व भोवतालच्या ओरोमिया भागाचे एकत्रित नियोजन करावे, रस्ते, पाणी, कचरा, उद्योग यांची आखणी एकाच नकाशावर व्हावी, असा तो आराखडा होता. केवळ नगररचनेच्या दृष्टीने पाहिले तर कोणताही अनुभवी अभियंता त्यावर सही करील, कारण पाण्याचे खोरे आणि मैल्याचा उतार हद्दीच्या खुणा पाळत नाहीत. पण इथिओपियात 1975 पासून सर्व जमीन सरकारच्या मालकीची आहे. शेतकऱ्याला फक्त कसण्याचा हक्क असतो. 2005 च्या कायद्यानुसार जमीन घेताना भरपाई मिळत असे ती जमिनीच्या किमतीवर नव्हे, तर आधीच्या पाच वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट. तीच जमीन दुसऱ्या दिवशी भाडेपट्ट्याने गुंतवणूकदाराकडे जाई आणि तिचे मोल कितीतरी पटींनी वाढे. शहर वाढले की आपण भूमिहीन होतो, आणि प्रशासनाची भाषा अम्हारिक होऊन आपली भाषाही मागे पडते, हे राजधानीभोवतालच्या ओरोमो शेतकऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले होते. प्रकल्पग्रस्त या शब्दामागे किती पिढ्यांचे दुःख असते हे कोयनेच्या आणि मुळशीच्या खोऱ्यांत ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

2014 च्या एप्रिल-मे महिन्यांत अंबो आणि इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी विरोध सुरू केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या. मे 2015 च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडी आणि तिच्या मित्रपक्षांनी संसदेच्या सर्वच्या सर्व 547 जागा जिंकल्या. ज्या संसदेत विरोधाचा एकही आवाज नाही, तिथे असंतोषाचे मापन करणारे साधनच उरत नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये गिंची या लहानशा गावातून आंदोलन पुन्हा पेटले आणि काही आठवड्यांत सबंध ओरोमियात पसरले. जानेवारी 2016 मध्ये आराखडा रद्द झाला, पण तोवर मागणी आराखड्याची राहिलीच नव्हती. त्याच वर्षी एल निनोमुळे भीषण दुष्काळ पडून एक कोटीहून अधिक लोकांना अन्नसाहाय्याची गरज निर्माण झाली. 1984-85 सारखा मृत्यूंचा कहर त्या वेळी झाला नाही, हे सरकारच्या पूर्वतयारीचे यश होते, आणि लोकांच्या मनातला राग त्याने कमी झाला नाही, हेही तितकेच खरे. 2 ऑक्टोबर 2016 रोजी बिशोफ्तू येथे ओरोमोंच्या इरेचा या सणात जमलेल्या लाखोंच्या गर्दीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यावर चेंगराचेंगरी झाली. सरकारने मृतांचा आकडा 55 सांगितला, विरोधकांच्या मते तो कितीतरी अधिक होता. आठवड्याभरात आणीबाणी जाहीर झाली आणि हजारो लोक पकडले गेले.

या गोळीबारांची आणि अटकांची जबाबदारी हैलेमरियम यांच्यावर येतेच. सुरक्षा यंत्रणा त्यांच्या पूर्ण ताब्यात नव्हती असे त्यांच्या बाजूने म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु संसदेत उभे राहून कारवाईचे समर्थन त्यांनीच केले होते, आणि ज्या पदावर आपण बसलो आहोत त्या पदाच्या नावे जे घडते त्यातून अंग काढून घेता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची मुख्य चूक अशी की, वीज, रस्ते, रेल्वे, कारखाने ही कामे वेगाने होत राहिली तर राज्याला मान्यता आपोआप मिळत राहील, हे मेलेस यांच्या काळातले गृहीतक त्यांनी कधी तपासून पाहिले नाही. दक्षिणेत त्यांच्याच प्रशासनाने घरोघर जाऊन लोकांची संमती मिळवून दाखवली होती. राजधानीभोवती मात्र संमतीची पायरीच वगळली गेली.

शेवटचा टप्पा त्यांनी बऱ्यापैकी धैर्याने हाताळला. 3 जानेवारी 2018 रोजी त्यांनी राजकीय कैद्यांची सुटका आणि छळासाठी कुप्रसिद्ध असलेला मायकेलावी तुरुंग बंद करण्याची घोषणा केली. पुढच्या आठवड्यांत अनेक विरोधी नेते व पत्रकार सुटले. फेब्रुवारीच्या मध्यास ओरोमियात मोठा बंद झाला आणि 15 फेब्रुवारी 2018 रोजी त्यांनी पंतप्रधानपदाचा आणि आघाडीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. सुधारणांच्या आणि शांततेच्या मार्गात आपले पद सोडणे आवश्यक आहे, असे कारण त्यांनी दिले. सम्राट हैले सेलासी पदच्युत होऊन कैदेत मारले गेले, मेंगिस्तू परदेशी पळाले, मेलेस पदावर असतानाच वारले. त्या देशाच्या आधुनिक इतिहासात स्वतःहून पायउतार झालेला हा पहिलाच शासनप्रमुख. 2 एप्रिल 2018 रोजी अबी अहमद यांच्याकडे त्यांनी सूत्रे सोपवली. पत्नी रोमन तेस्फाये यांच्यासह त्यांनी एक प्रतिष्ठान सुरू केले आणि 2019 मध्ये आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या ‘आग्रा’ या संस्थेच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले.

राहिला श्रेयाचा उपप्रश्न. धरणाची कल्पना रेटून पायाभरणी केली ती मेलेस यांनी. नदी वळवणे, मुख्य भिंतीचे बहुतांश काँक्रीट आणि 2015 चा खार्तुम जाहीरनामा हे हैलेमरियम यांच्या काळातले. मेटेकला बाजूला करून रखडलेली यांत्रिक कामे नव्या कंत्राटदारांकडे देणे, जुलै 2020 पासून जलाशय भरणे आणि 9 सप्टेंबर 2025 रोजी उद्घाटन करणे हे अबी अहमद यांच्या काळातले. प्रकल्पाचे मुख्य अभियंता सिमेन्यू बेकेले यांनी पहिल्या दिवसापासून ते काम वाहिले आणि जुलै 2018 मध्ये अदिस अबाबाच्या मेस्केल चौकात ते आपल्या गाडीत मृतावस्थेत आढळले. श्रेयाच्या यादीत माझ्या लेखी त्यांचे नाव तिन्ही पंतप्रधानांच्या आधी येते. खार्तुम जाहीरनाम्यातले भरण व परिचालनाच्या नियमांचे पाचवे तत्त्व मात्र उद्घाटनाच्या दिवसापर्यंत तिन्ही देशांना मान्य असलेल्या बंधनकारक करारात उतरलेले नव्हते.